माळ्यावरची चारची बॅच

...आणि वर मलाच विचारतात सगळे, की काढल्यात ना खारी माळ्यावरून, घर कसं छान शांत झालं, मग तुझं तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं? अहो, शांत झालं म्हणूनच तर. खारी होत्या तेव्हा मी सुखात होते. वायरी कुरतडल्या त्यांनी, माझी लोकरीची शाल उसवून बिछाना केला, छताला डाग पाडले, सगळं केलं, पण सुखात होते हो मी. आणि त्याच खारी मी स्वतः, या हातांनी शिडी धरून, घराबाहेर काढल्या... नाही, मला बोलायचं नाहीये. डॉक्टरांनी परवापरवापर्यंत बोलायला सक्त मनाई केली होती, ती सवय अजून जात नाही. पण आता तुम्ही बसलाच आहात तर तुम्हाला सांगते.

डॉक्टरांनी घशात नळी घातली, बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुमच्या स्वरयंत्रावर दोन गाठी आहेत, मुगाएवढ्या. काय करता तुम्ही?" म्हटलं, बसस्थानकावर घोषणा करते. एकोणीस वर्षं. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, फलाट क्रमांक चारवरून सुटणारी गाडी पाऊण तास उशिरा सुटेल, होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत'... ती मी. डॉक्टर म्हणाले, "मग बरोबर, त्यानेच झालंय." म्हटलं, त्याने कसं होईल? तिथे माईक असतो. तिथे मी लोण्यासारखी बोलते. लोकांची गाडी चुकते, पण माझ्यावर कोणी चिडत नाही, इतकी गोड बोलते. हे झालंय ते घरी झालंय.

घरी म्हणजे माझे सासरे. त्यांना सगळे सर म्हणतात. मीही सर म्हणते, आणि आमचे हे, त्यांचा सख्खा मुलगा, तेही सरच म्हणतात, कारण लहानपणी बापाच्याच टायपिंग क्लासात बसले आणि तिथे बाबा म्हटलं की पट्टी मिळायची. छत्तीस वर्षं क्लास चालवला सरांनी, याच घरात, पुढच्या खोलीत. बावीस मशीनं. सकाळी सातची बॅच, दुपारी चारची बॅच. बावीस मशीनं एका वेळी चालू झाली की काय होतं ते तुम्ही ऐकलंय का? पत्र्यावर गारा पडतात ना, तसं, आणि मधूनच घंटी, आणि मग कागद धरणारी ती कॅरेज सर्रकन मागे. त्या गारांमध्ये सर छत्तीस वर्षं हातात पट्टी घेऊन उभे. मग पुढे काय, घरोघर कॉम्प्युटर आले, बॅच रोडावली, एक दिवस मशीनं भंगारात गेली, आणि खोली रिकामी झाल्यावर सरांच्या लक्षात आलं की आपल्याला ऐकूच येत नाही.

आता घरात बोलणारी माणसं किती? मी आणि हे. हे ग्रंथालयात. लोकांनी गप्प बसावं म्हणून सरकार यांना तेवीस वर्षं पगार देतंय. यांचा आवाज म्हणजे पानं उलटल्याचा आवाज. बायकोवर चिडले तरी कुजबुजत चिडतात, मला कळतही नाही भांडण सुरू झालंय म्हणून. तेव्हा सरांशी बोलायचं काम कोणाकडे? माझ्याकडे. "सर, चहा घेणार का?" एवढंच विचारायचं असतं, पण पोटातून बेंबीच्या देठापासून ओरडायचं, मग थांबायचं, मग परत ओरडायचं. सरांचं 'हो' येईपर्यंत शेजारच्या तीन घरांतून 'नको' येतं.

डॉक्टर म्हणाले, "तीन महिने ओरडणं बंद. अजिबात. गरजेपुरतं, साध्या आवाजात. गाठी विरल्या तर ठीक, नाहीतर शस्त्रक्रिया, आणि मग आवाज हाच राहील असं मी लिहून देत नाही." मी स्थानकावरच्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "तीन महिने दहा ते तीन आतल्या खोलीत फायली लावा. आवाज परत आला तर माईक तुमचा. नाहीतर ते रेकॉर्ड केलेल्या आवाजाचं यंत्र मागवतो, त्याला रजाही लागत नाही." तुम्हाला सांगते, जिना उतरेपर्यंत मला रडू आवरलं नाही. लोकांना वाटतं घोषणा म्हणजे काय, कोणीही करेल. पण तो माईक म्हणजे माझं सगळं आहे. घरात माझं कोण ऐकतं? तिथे मी बोलते आणि तीनशे माणसं एकदम उठून पिशव्या उचलतात.

तर मुद्दा एकच होता. सरांनी कानाचं मशीन घालायचं. मशीन होतं की घरात. दोन वर्षं खणात पडून होतं, जुन्या चष्म्याच्या डबीत. का घालत नाही म्हणून विचारलं तर सर म्हणायचे, "घातलं होतं ना आठ दिवस. मिक्सर ऐकू आला, नळ ऐकू आला, टीव्हीवरची भांडणं ऐकू आली. ऐकण्यासारखं आहे काय या घरात?" पण या वेळी मी कागदावर लिहून दिलं. सगळं लिहिलं, गाठी, माईक, यंत्र. सरांनी चष्मा लावून वाचलं, दोन वेळा वाचलं, एका ओळीत शब्दांमधली जागा कमीजास्त झालीय ते दाखवलं, आणि म्हणाले, "एक आठवडा घालून बघतो. तुझ्यासाठी."

माझा जीव भांड्यात पडला. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी सर खुर्चीतून उठले, खोलीच्या मधोमध उभे राहिले, मान वर केली आणि म्हणाले, "सूनबाई, वर कोणी तरी टायपिंग करतंय."

झालं. मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे, आम्हाला तर काहीच ऐकू येत नव्हतं. मशीनमध्ये बिघाड, दुसरं काय? म्हटलं, आता हे काढून ठेवणार, माझा माईक गेला. हे मशीन घेऊन दुकानात पळाले. दुकानदाराने काहीतरी फिरवलं, म्हणाला, "खरखर काढली." घरी आणलं, सरांनी घातलं, चार वाजले, सर म्हणाले, "आली चारची बॅच." परत दुकान. दुकानदाराने नवी नळी घातली. परत चार वाजले. "आज पाचजण आहेत." तिसऱ्यांदा गेल्यावर दुकानदार यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहेब, मशीन ठणठणीत आहे. वडिलांना... दुसऱ्या कोणाला दाखवता का?" हे घरी आले ते चेहरा पाडून. मला कुजबुजत म्हणाले, "सरांना भास होतायत." मी खुणेनेच विचारलं, आता? आणि दोघंही त्या खोलीत उभे राहून सरांकडे असं बघतोय, आणि सर मजेत मांडीवर बोटांनी ताल धरून बसलेत, आणि तेवढ्यात माझ्या कपाळावर वरून भुसा पडला.

भासाचा भुसा पडतो का हो?

हे शिडी लावून माळ्यावर गेले. आमचं घर जुनं, उतरत्या कौलांचं, कौलांखाली फळ्यांचा माळा, तिथे तीस वर्षांत घरच्यांनी फक्त वस्तू टाकल्या, काढली एकही नाही. हे टॉर्च घेऊन आत शिरले आणि अर्ध्या मिनिटात पालीसारखे भिंतीला चिकटून खाली आले. "खारी आहेत," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मला यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. खारी वळचणीच्या भोकातून येत होत्या, फळ्यांवरून तुरूतुरू पळत होत्या, टोकाला जाऊन सर्रकन वळत होत्या आणि परत पहिल्यापासून. म्हणजे सर म्हणत होते ते अगदी तंतोतंत, कॅरेजसकट. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मशीन चांगलं, सासरे शाबूत, फक्त खारी. पण हे म्हणाले, "वायर सोललीय. स्वयंपाकघराची. आतली तांब्याची तार दिसतेय, आणि शेजारी सगळा वाळका काटक्यांचा ढीग. एक ठिणगी पडली तर घर जाईल." म्हणजे खारींना काढायलाच हवं होतं. त्यात काही पर्याय नव्हता हो, हे मी आजही मान्य करते. मला बोलायचं नाहीये, पण एवढं मान्य करते.

आता साधा माणूस काय करेल? माहीतगाराला बोलावेल. यांनी सात पुस्तकं आणली. जेवताना पुस्तक, झोपताना पुस्तक. एकात होतं की खारींना डांबराच्या गोळ्यांचा वास सोसत नाही. टाकल्या गोळ्या. वासाने आम्ही दोघं व्हरांड्यात झोपलो, खारी वर मजेत. दुसऱ्यात होतं की खारींना तिखटाचं वावडं. हे वर तिखट शिंपडून आले आणि तोच हात डोळ्याला लावला. तिसऱ्यात होतं की गोंगाट केला की खारी घर सोडतात. यांनी रेडिओ नेऊन ठेवला माळ्यावर, चालू केला, आणि सवयीने आवाज इतका बारीक ठेवला की खारी जवळ येऊन बसल्या. सर खालून म्हणाले, "बॅचला संगीत कशाला लावलंय? लक्ष विचलित होतं."

आणि सर... सरांना मी वीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. सकाळी पावणेसातला मशीन कानात, खुर्ची बरोबर मधोमध. "सातच्या बॅचला घाई असते, यांना नोकरीवर जायचं असतं. चारची बॅच रमतगमत येते." एक खार होती, तिचं पळणं जरा अडखळत असायचं. सर म्हणायचे, "हिची डावी करंगळी कच्ची आहे." मी साध्या आवाजात विचारायचे, सर, चहा? आणि सर साध्या आवाजात म्हणायचे, अर्धा कप. अर्धा कप. तुम्हाला काय कळणार त्यातलं सुख. एका फटक्यात, शेजाऱ्यांना न विचारता, अर्धा कप.

शेवटी डोळा सुजलेल्या नवऱ्याकडे बघून मीच जाळीवाल्याला बोलावलं. तो गॅलरीला जाळ्या लावतो, कबुतरांसाठी. जाड मिशा, कमरेला पक्कड, आणि काहीही विचारा, "होऊन जाईल." खारींचं जमेल का? होऊन जाईल. किती दिवस? होऊन जाईल. त्याने घराला तीन चकरा मारल्या, कौलांखाली हात घालून बघितलं, आणि चार भोकं काढली शोधून. म्हणाला, "ताई, चिंधी कोंबून उपयोग नाही, ती चिंधी त्या अंथरुणाला घेतात. लोखंडी जाळी ठोकायची, बारीक. तीन भोकं पक्की बंद. चौथ्यावर एकतर्फी झडप. आतून ढकललं की उघडते, बाहेरून उघडत नाही. पोटासाठी बाहेर पडणारच ना? पडल्या की परत आत यायचं नाव नाही. आणि ती फांदी छतावर आलीय ती आधी तोडा, तो त्यांचा रस्ता आहे." मला पटलं. माणसाला कामाची जाण होती.

तीन भोकं ठोकली. मग त्याने माझ्याकडून स्टीलचा पेला मागून घेतला, उपडा करून छताला लावला आणि पेल्याला कान. पाच मिनिटं. सहा मिनिटं. उतरला, म्हणाला, "आत कोणी नाही. ठोकाठोकीने सगळ्या पळाल्या, शेवटची ती बघा झाडावर. झडप कशाला, आत्ताच चौथंही ठोकून टाकतो. काम फत्ते." आणि ठोकलं. आणि तुम्हाला सांगते, तिकडे ती खार झाडावरून आली, जाळीपाशी, आणि अशी थयथयाट करायला लागली, शेपटी उभी, चिर्र चिर्र चिर्र. जाळीवाला म्हणाला, "ओरडेल दोन दिवस, मग जाईल दुसरीकडे. होऊन जाईल."

इतक्यात आतून सरांचा आवाज. "थांबा. जाळी काढा. आत आहेत अजून."

जाळीवाला हसला. "आजोबा, मी पेला लावून ऐकलंय."

सर म्हणाले, "मी मशीन लावून ऐकतोय."

"आजोबा, वीस वर्षं हेच काम करतो मी."

"मी छत्तीस वर्षं केलंय," सर म्हणाले. "चार आहेत. अगदी बारीक. अजून बोटं ठेवायलाही शिकलेले नाहीत. नवीन ॲडमिशन."

आता मी कोणाचं ऐकावं? एकीकडे मिशा आणि पक्कड, दुसरीकडे ज्यांना माझी बेंबीच्या देठाची हाक ऐकू येत नव्हती ते सासरे. हे तर पुस्तकात बघायला लागले. मी सरांच्या तोंडाकडे बघितलं. ते रागावलेले नव्हते. ते घाबरले होते हो. मी जाळीवाल्याला म्हटलं, काढा जाळी आणि चला वर. तो कुरकुरत चढला, मी मागे शिडी धरून. माझ्या शालीच्या लोकरीत, काथ्यात, सरांच्या जुन्या परीक्षेच्या कागदांच्या चिंध्यांत, गुंडाळीच्या आत, डोळे मिटलेली, बोटाएवढी... चार. मोजून चार. जाळीवाल्याने चारदा मोजली. खाली उतरला आणि सरांसमोर उभा राहिला, म्हणाला, "आजोबा, पाप लागलं असतं मला." आणि पेला मला परत दिला.

मग चौथ्या भोकावर झडप बसवली आणि उघडी बांधून ठेवली. जाळीवाला म्हणाला, पिल्लं मोठी होऊन आपल्या पायांनी बाहेर पडेपर्यंत थांबायचं, पाच-सहा आठवडे. तोवर त्या वायरीचा पुरवठा बंद. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात ना दिवा ना पंखा, दीड महिना मी खिडकीच्या उजेडात स्वयंपाक केला, भातात खडा आला तरी कोणी बोललं नाही. आणि तरी सांगते, तो दीड महिना म्हणजे या घरातला सगळ्यात चांगला काळ. सर रोज बातमी द्यायचे. "आज चौघं पहिल्यांदा चालले." "आज एक पडला, लगेच उठला." "आज चौघं एका स्पीडमध्ये." आणि बॅच सुटली की मशीन कानातच राहायचं, मग सर गप्पा मारायचे. तेव्हा मला कळलं की माझे सासरे विनोदी आहेत. वीस वर्षांत पत्ताच नव्हता, मी नुसतं चहाचं विचारत होते ना ओरडून. मधे डॉक्टरांनी नळी घातली, म्हणाले, "अर्ध्या झाल्या गाठी. काय करताय?" म्हटलं, खारी पाळल्यात. त्यांनी ते लिहून घेतलं की काय कोण जाणे.

आणि मग आला तो दिवस. झडप सोडली. सर परसात खुर्ची टाकून बसले. आधी आई निघाली. मग एक. मग दोन. तिसऱ्याने झडपेतून डोकं काढलं, आत घेतलं, परत काढलं. चौथा अर्ध्या तासाने. सर म्हणाले, "बॅच पास झाली," आणि उठून आत गेले. जाळीवाल्याने झडप काढून जाळी ठोकली, वायर नव्या नळीतून घातली, माझ्या स्वयंपाकघरात दिवा लागला. मी चारला चहा घेऊन गेले तर सर रिकाम्या खोलीत मधोमध बसलेले, मान वर, आणि वर काही नाही. चूळबूळ नाही. पाच मिनिटांनी त्यांनी मशीन काढलं, चष्म्याच्या डबीत ठेवलं, डबी खणात. म्हणाले, "आता काय ऐकायचंय?"

मला गलबलून आलं. आणि दुसऱ्या मिनिटाला भीती वाटली, कारण गाठी अर्ध्याच विरल्या होत्या आणि माईकला पाच आठवडे राहिले होते, आणि सरांना औषधाची आठवण करायची वेळ झाली होती. लिहून दिलं तर चष्मा शोधायचा कंटाळा. हात हलवले तर बघत नाहीत. तिसऱ्या दिवशी मी ओरडले. "सर, गोळी!" आणि घशात असं काचेसारखं काहीतरी टोचलं. शेजारून उत्तर आलं, "घेतली."

मी जाळीवाल्याला फोन केला. म्हटलं, एक तरी परत सोडता येईल का? तो म्हणाला, "ताई, माझ्या धंद्यात हा पहिलाच फोन आहे." म्हटलं, होऊन जाईल का? म्हणाला, "नाही होणार. मी काम पक्कं केलंय."

यांनी मोबाईलवर टायपिंगचा आवाज शोधला आणि माळ्यावर नेऊन वाजवला. आधी सरांना मशीन घालायला लावलं, बॅच आलीय म्हणून लिहून दाखवलं. सरांनी मोठ्या आशेने घातलं. दोन मिनिटं ऐकलं. "ही तीच ओळ परत परत आहे. माणूसही नाही, खारही नाही." मशीन डबीत.

तेव्हा मग मी विचार केला. बोटांनी वाजवायला आवाज लागत नाही. घशाला काही धोका नाही, त्रास नाही. दुसऱ्या दिवशी पावणेचारला पदर खोचला, शिडी लावली आणि गेले वर. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, वजन विचारू नका. फळ्यांवर पालथी पडले. डांबराच्या गोळ्या, तिखट, तीस वर्षांची धूळ, सगळं नाकासमोर. खाली यांनी सरांना कसंबसं मशीन घालायला लावलं, शेवटचं एकदा म्हणून. चार वाजले. मी दहाही बोटांनी फळी वाजवायला सुरुवात केली. टपटप टपटप, हात पसरून टोकापर्यंत, मग कोपर ओढत सर्रकन मागे. खाली शांतता. परत टपटप टपटप. मला घाम फुटलेला. फटीतून सरांचं टक्कल दिसत होतं, ते हललं नाही. मान वर. मशीन कानात. म्हटलं, फसले, फसले... आणि नाकात ते तिखट गेलं आणि मी शिंकले. अशी शिंकले की कौल हललं.

हे खाली पुतळ्यासारखे उभे. सर शांतपणे म्हणाले, "खार एकच दिसतेय. वजन बरंच आहे." मग मोठ्याने, वर बघून, "सूनबाई, मनगट वर धर. तळहात टेकवून कोणी वाजवतं का? अंगठा रिकामा कशाला ठेवलायस, तो स्पेसबारला. चल, परत पहिल्यापासून."

मी पालथी पडून रडले हो. हसले पण. दोन्ही एकदम. आणि मग मनगट वर धरलं, काय करता?

खाली उतरल्यावर मी म्हटलं, साध्या आवाजात, कारण मशीन अजून कानात होतं, म्हटलं, सर, तुम्हाला कळलंच आहे तर मी खालीच टेबलावर वाजवते की. धूळ तरी नाही. सर म्हणाले, "खाली वाजवलंस तर सून टेबल वाजवतेय असं वाटतं. वर वाजवलंस की बॅच आल्यासारखं वाटतं." दुसऱ्या दिवसापासून सातला आणि चारला मी शिडी लावायला लागले. मशीन मात्र त्या दिवसापासून डबीत गेलेलं नाही.

गेल्या सोमवारी डॉक्टरांनी नळी घातली. गाठी नाहीत. एकही नाही. दुसऱ्याच दिवशी मी माईकसमोर बसले, 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' म्हटलं आणि फलाटावरच्या सगळ्या माना वळल्या. साहेब म्हणाले, "आता दुपारची पाळी घ्याल ना, पूर्वीसारखी?" म्हटलं, नाही साहेब, सकाळचीच द्या, चारला मला क्लास असतो. आणि मी सकाळी नसते म्हणून सातची बॅच रिकामी जायला लागली, तर तिथे आता आमचे हे असतात. पालथे. त्यांची बोटंसुद्धा कुजबुजतात, त्यामुळे सर त्यांच्यावर सारखे खेकसत असतात, "ऐकू येत नाही, जोरात!"

बघा, बोलता बोलता पावणेचार झाले. मला शिडी लावायला हवी. उशीर झाला तर आत घेत नाहीत, आणि परीक्षेला तर बसवतच नाहीत म्हणे अजून सहा महिने.